अंबडची एक खानावळ: जेवण, दर आणि जेवणारे

नाशिकच्या अंबड लिंक रोडवरून औद्योगिक वसाहतीच्या आतल्या गल्लीत वळले की लेथच्या छोट्या वर्कशॉपांच्या, पावडर कोटिंगच्या शेडांच्या आणि भंगाराच्या गोदामांच्या रांगेत एक दुमजली घर लागते. त्याच्या तळमजल्यावर खानावळ चालते आणि वरच्या मजल्यावर ती चालवणाऱ्या मालकीणबाईंचे कुटुंब राहते. या खानावळीचे नाव येथे देत नाही, कारण या परीक्षणात तिच्या काही उणिवाही सांगायच्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेक दूर करणे एकट्या त्या बाईंच्या हातात नाही. अंबड, सातपूर, चुंचाळे, पाथर्डी फाटा या पट्ट्यात अशा खानावळी पुष्कळ आहेत, आणि जे येथे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्यांनाही लागू पडेल.

नाशिकमध्ये कोठे जेवावे याविषयी लिहिले जाते ते मिसळीबद्दल, गंगापूर रस्त्यावरच्या हॉटेलांबद्दल किंवा द्राक्षमळ्यांतल्या वाइनरींबद्दल. कारखान्यांत राबणारी माणसे रोज दोन वेळा जेथे जेवतात त्या जागांची दखल घेण्याची पद्धत आपल्याकडे नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. चव, स्वच्छता आणि दर हे नेहमीचे निकष येथेही लावले पाहिजेत. पण अशा खानावळीला आणखी एक निकष लावणे भाग आहे, तो म्हणजे गाव सोडून आलेल्या माणसाला शहरात टिकून राहण्यासाठी हे ताट किती आधार देते. एखादे शहर आपल्या नव्या रहिवाशांना कसे वागवते याची परीक्षा, माझ्या मते, त्याच्या उड्डाणपुलांपेक्षा येथे अधिक नेमकी होते.

प्रथम जेवणाविषयी. ताटात तीन चपात्या किंवा दोन भाकरी, एक रस्साभाजी, एक सुकी भाजी किंवा उसळ, वरण, भात, कांदा, लिंबाची फोड आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असतो. भाकरी हिवाळ्यात बाजरीची आणि एरवी ज्वारीची असते, आणि ती मागणी आल्यावरच थापली जाते. त्यामुळे पाच-सात मिनिटे थांबावे लागते, पण तव्यावरून थेट ताटात आलेली ती भाकरी या खानावळीतली सर्वांत चांगली वस्तू आहे. मालकीणबाई मूळच्या यावल तालुक्यातल्या. गुरुवारी रात्री शेवभाजी, रविवारी दुपारी वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी, थंडीत हिरव्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, भाकरी असा खानदेशाचा सगळा क्रम त्यांनी येथे आणला आहे. भरितासाठी वांगी शक्य तेव्हा बामणोदकडून येणाऱ्या नातेवाइकांकरवी मागवली जातात, आणि तो फरक पहिल्याच घासात कळतो. वांगी वाळलेल्या काटक्यांवर भाजून, बडगी या खोलगट लाकडी भांड्यात मिरची-लसणासह ठेचून केलेले हे भरीत नाशिकच्या बऱ्याच मोठ्या हॉटेलांना जमलेले नाही, असे मी जबाबदारीने म्हणतो.

रोजच्या रस्साभाजीबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा चवीला चांगला असला तरी त्यावर तेलाचा थर असतो, आणि हे तेल बहुधा पामतेल असते. जड काम करून आलेल्या माणसाला तर्रीशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, हे मालकीणबाईंचे म्हणणे खरे आहे. पण याच माणसांपैकी अनेकजण आता दिवसभर यंत्रासमोर एका जागी उभे असतात, चहा-बिस्किटावर दुपार काढतात आणि रात्री हे तेल खातात. गावाकडचा अंगमेहनतीचा आहार शहरातल्या बैठ्या किंवा उभ्या कामाबरोबर तसाच चालू राहतो आणि त्यात साखर व स्वस्त तेल यांची भर पडते, तेव्हा मधुमेह आणि रक्तदाब हे श्रीमंतांचे आजार राहत नाहीत. वेगाने शहरे वाढणाऱ्या बहुतेक देशांत आरोग्याच्या अभ्यासकांनी हे नोंदवले आहे. पालेभाजी आठवड्यातून दोनदाच असते. ती रोज एक पळीभर तरी असावी, अशी माझी पहिली सूचना आहे.

भातासंबंधी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वीपर्यंत येथे भात शेवटी एक मूद वाढला जाई. आता दुपारच्या जेवणात तो मोठ्या पातेल्याने होतो, वरणाबरोबर मसुराची पातळ डाळ केली जाते आणि मंगळवारी बटाट्याचा चोखाही असतो, कारण जेवणाऱ्यांत बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून आलेल्या तरुणांची संख्या वाढली आहे. खानदेशातले कामगार मालकीणबाईंना ताई म्हणतात, हे तरुण भाभी म्हणतात, आणि दोघांनाही पोटभर वाटेल असे ताट एकाच चुलीवर त्या तयार करतात. पावसाळ्यात एखाद्या दिवशी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरीही मिळते. ती मदतीला असणाऱ्या पेठ तालुक्यातल्या मावशी करतात, आणि खाणारे मुख्यतः त्यांच्याच भागातून बांधकामावर आलेले असतात. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ तालुक्यांत पाऊस भरपूर पडतो, पण तो उतारावरून वाहून जातो. भात आणि नागलीचे एक पीक निघाले की काम संपते आणि माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत किंवा शहरातल्या मजूर अड्ड्यांवर येतात. या खानावळीचा आठवड्याचा फळा वाचला की नाशिकमध्ये कोण कोठून येत आहे ते बरेचसे समजते.

ही माणसे का येतात, याचे उत्तर जेवताना सहज मिळते. चोपड्याकडच्या एका तरुणाने सांगितले की आजोबांकडे असलेली जमीन वडील आणि काकांत वाटली गेली, आता त्यातला वाटा तो आणि दोन भाऊ यांच्यात होणार, आणि त्या तुकड्यावर विहीर खणण्याचे कर्जसुद्धा फिटणार नाही. ही त्याच्या एका घराची गोष्ट नाही. कृषी गणनेनुसार भारतातील सरासरी शेतजमीन धारणा 1970-71 मध्ये 2.28 हेक्टर होती, ती 2015-16 मध्ये 1.08 हेक्टरवर आली. देशातले सुमारे 45 टक्के कामकरी अजून शेतीवर अवलंबून आहेत आणि राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र पाचव्या हिश्शाच्या आसपास आहे. या तफावतीचा दाब शेतावरच्या प्रत्येक घराला जाणवतो. महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात गावे ओस पडताना पाहिली, आणि त्यातूनच रोजगार हमीचा 1977 चा कायदा आला. पण दुष्काळ नसलेल्या वर्षीही तुकड्याची शेती माणसाला बाहेर ढकलतच असते.

ढकलणारे कारण असते तसे ओढणारेही असते. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या काळात सातपूर व अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. 1964 मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला. सिडकोने नवीन नाशिक वसवले. मुंबईत उद्योगांना जागा महाग होत गेली तसे नाशिक हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे सोयीचे ठिकाण ठरले. नाशिक महानगरपालिकेची स्थापना 1982 मध्ये झाली. तिच्या क्षेत्राची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 10.77 लाख होती आणि 2011 मध्ये 14.86 लाख झाली. ही सगळी वाढ बाहेरून आलेल्यांची आहे असे मानणे मात्र बरोबर नाही. विकसनशील देशांतली शहरे तीन मार्गांनी वाढतात: शहरातच जन्मलेल्या मुलांमुळे, स्थलांतरामुळे आणि भोवतालची गावे शहरात मोजली गेल्यामुळे. तिसरा मार्ग फारसा कोणाच्या लक्षात येत नाही, पण भारतात केवळ जनगणनेने शहर ठरवलेल्या, म्हणजे नगरपालिका नसतानाही शहरी निकषांत बसणाऱ्या वस्त्यांची संख्या 2001 मध्ये 1,362 होती, ती 2011 मध्ये 3,894 झाली. अंबड हेही एकेकाळी गावच होते. आज त्या गावठाणाच्या भोवती वर्कशॉपे, चाळी आणि अपार्टमेंटे आहेत आणि मूळ शेतकऱ्यांची मुले खोल्या भाड्याने देतात.

मिळणाऱ्या पगारात हे सगळे परवडते का, हा प्रश्न परीक्षणात टाळता येणार नाही. एका ताटाला 90 रुपये पडतात आणि महिन्याच्या मेंबरला दोन वेळच्या जेवणाचे 3,400 रुपये द्यावे लागतात. ज्या कंत्राटी कामगारांशी बोलणे झाले त्यांच्या हाती ओव्हरटाइम धरून महिन्याला बारा ते पंधरा हजार रुपये पडतात. खोलीऐवजी कॉट बेसिसवर राहणारा माणूस कॉटचे दीड-दोन हजार देतो. म्हणजे जेवण आणि झोपण्याची जागा यांतच पाच हजारांच्या आसपास रक्कम जाते, थोडे मोबाइलवर आणि प्रवासावर जाते, आणि उरलेल्यातून तो गावी पैसे पाठवतो. पूर्ण वाढलेल्या दोन वेळच्या ताटासाठी हा दर मला रास्त वाटतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथे मेंबरांची उधारी चालते. पगार लांबला तर वहीत नोंद होते आणि जेवण थांबत नाही. ठेकेदार बदलला, काम सुटले, तरी मालकीणबाई नवे काम लागेपर्यंत वाट पाहतात. त्यांचे काही पैसे बुडतातही, आणि ते बुडणार हे धरूनच त्या दर ठरवतात. बँक ज्याला ओळखत नाही अशा माणसाला केवळ तोंडओळखीवर मिळणारे हे कर्ज आहे, आणि ते व्याजाशिवाय मिळते.

काम नक्की मिळेल याची खात्री नसताना माणसे शहरात का येतात, याचे स्पष्टीकरण जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये मांडले होते. त्यांचे म्हणणे असे की माणूस आजचा शहरी पगार आणि गावची मजुरी यांची नुसती तुलना करत नाही, तर तो पगार मिळण्याची शक्यताही मनाशी धरतो; शक्यता निम्मी असली तरी अपेक्षित मिळकत गावापेक्षा जास्त निघत असेल तर तो येतो आणि थांबतो. मला यात एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. थांबायचे म्हणजे त्या काळात खायचे काय, हा प्रश्न सोडवणारे कोणीतरी लागते. पूर्वी ते काम गावचा माणूस, चुलत भाऊ, मामा करत असे. आजही करतो, पण एका खोलीत सहा जण राहत असतील तर पाहुण्याचे जेवण शेवटी खानावळीच्या वहीतच जाते.

येथे एक शंका कोणीही घेईल: ही माणसे स्वतः का रांधत नाहीत? अनेक घरमालक कॉटवर राहणाऱ्यांना स्टोव्ह ठेवू देत नाहीत. पत्त्याचा पुरावा नसल्याने घरगुती गॅस जोडणी मिळत नाही. पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळणारा 5 किलोचा छोटा सिलिंडर आहे, पण तो महाग पडतो. बारा तासांची पाळी करून आलेल्याला भाजी आणून चिरायला वेळ आणि ताकद राहत नाही. आणि रेशनचा प्रश्न आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 मध्ये आला, त्याखाली माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते, आणि एक देश एक रेशनकार्ड योजनेमुळे ते आता देशात कोठेही घेता येते. ही चांगली सोय आहे. पण ज्याच्याजवळ चूल नाही त्याने गहू-तांदूळ घेऊन काय करावे? शिवाय त्याचे कार्ड गावी आई-वडिलांच्या घरात उपयोगी पडत असते. शहरातल्या एकट्या कामगाराला धान्य नको असते, शिजवलेले अन्न हवे असते, आणि आपल्या धोरणात शिजवलेल्या अन्नाला फार थोडी जागा आहे.

कामगाराला शिजवलेले अन्न देण्याची जबाबदारी कोणाची, हे कायद्याने काही अंशी सांगितले आहे. कारखाने अधिनियम, 1948 प्रमाणे 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह बंधनकारक होते. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून 100 वर आणली. हा बदल स्वागतार्ह आहे. पण अंबडच्या गल्ल्यांतल्या शेडांत पंधरा, तीस, फार तर पन्नास माणसे काम करतात. मोठ्या कारखान्यांचे सुटे भाग येथेच तयार होतात, म्हणून मोठ्या कारखान्याची स्वस्ताई काही प्रमाणात या छोट्या शेडांवर आणि पर्यायाने शेजारच्या खानावळीवर उभी असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगातले 61 टक्के कामकरी अनौपचारिक रोजगारात आहेत आणि त्यांच्यापैकी 93 टक्के उदयोन्मुख आणि विकसनशील देशांत आहेत. या आकड्यांतला माणूस रोज कोठेतरी जेवतो, आणि तो जेथे जेवतो ती जागाही बहुतेक वेळा अनौपचारिकच असते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना खाणावळवाल्या बायकांनी दशकानुदशके जेवू घातले. त्या बायका किराणा उधारीवर आणत, सावकाराला व्याज भरत आणि महिनाअखेरीला कामगारांकडून पैसे घेत. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकेच्या कर्जाची वाट उघडून दिली. 1982 च्या संपानंतर गिरण्याच बंद पडत गेल्या, पण त्या संघटनेने जे दाखवून दिले ते टिकून आहे: खानावळवाली ही उद्योगाची भागीदार आहे आणि तिला पतपुरवठा करणे हे उद्योगाला पतपुरवठा करण्याइतकेच योग्य आहे. आमच्या अंबडच्या मालकीणबाईंना मात्र अजून किराणा दुकानदाराच्या उधारीवर आणि महिला बचत गटाच्या लहान कर्जावर काम भागवावे लागते. पतीची नोकरी कारखाना बंद झाल्याने गेली तेव्हा त्यांनी वरच्या मजल्यावर पाच-सहा डबे करायला सुरुवात केली होती. आज चार बायकांना येथे काम आहे.

इतर देशांतही वाढत्या शहरांना अशाच जागांनी तोलून धरले आहे. जकार्तात वारतेग नावाच्या स्वस्त खानावळी आहेत. मध्य जावातल्या तेगल भागातून आलेल्या लोकांनी त्या सुरू केल्या आणि काचेच्या कपाटामागे मांडलेल्या भाज्यांतून हवी ती घेऊन तेथे कामगार जेवतात. नायजेरियातल्या लागोसमध्ये बुका नावाच्या तशाच साध्या खानावळी आहेत. पेरूची राजधानी लिमा येथे डोंगरउतारांवर वसलेल्या नव्या वस्त्यांत 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून बायकांनी एकत्र येऊन सामूहिक स्वयंपाकघरे चालवली. ब्राझीलमधील बेलो होरिझोंते या शहराने 1993 मध्ये अन्नासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि पुढच्या वर्षी महापालिकेचे लोकोपहारगृह सुरू केले. तमिळनाडूने 2013 मध्ये अम्मा उणवगम ही स्वस्त सरकारी उपाहारगृहे सुरू केली, आणि महाराष्ट्राने 26 जानेवारी 2020 रोजी 10 रुपयांची शिवभोजन थाळी आणली. तिच्यात दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात इतके जेवण असते. ती थाळी गरजू माणसासाठी मोलाची आहे, पण ती दुपारच्या ठरावीक वेळेत आणि मर्यादित संख्येत मिळते. लोखंड उचलणाऱ्या तरुणाची भूकही तेवढ्याने भागत नाही. म्हणून सरकारी थाळी आणि ही खानावळ यांच्यात स्पर्धा नाही, दोन्ही लागतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजांनुसार 2007 च्या सुमारास जगातली निम्म्याहून अधिक माणसे शहरांत राहू लागली. 2018 मध्ये हे प्रमाण 55 टक्के होते आणि 2050 पर्यंत ते 68 टक्के होईल, व त्या वाढीचा सुमारे 90 टक्के भाग आशिया आणि आफ्रिकेत असेल. युरोपातली शहरे कारखान्यांबरोबर वाढली. आफ्रिकेतल्या अनेक देशांत कारखाने न येताच शहरे वाढत आहेत. नाशिक या दोहोंच्या मधे आहे: येथे कारखाने आहेत, पण त्यांतले कायम कामगार कमी होत गेले आणि कंत्राटी वाढले. कायम कामगाराने सिडकोत घर घेतले, मुलांना शिकवले, शहर वाढवले. कंत्राटी कामगार कॉटवर राहतो आणि कुटुंब गावीच ठेवतो. त्यामुळे गावाला पैसा मिळतो, पण गावात म्हातारी माणसे, बायका आणि शेतीचा भार मागे राहतो. खानावळीत रात्री नऊच्या सुमारास बहुतेक ताटांशेजारी मोबाइल उभा केलेला असतो आणि जेवणारा घरच्यांशी बोलत असतो.

2020 च्या टाळेबंदीत या व्यवस्थेचा ठिसूळपणा उघड झाला. शेडे बंद झाली, पगार थांबले, आणि खानावळीला बसवून जेवण देण्यास मनाई झाली. मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसे पायी उत्तरेकडे निघाली होती. 1 मे 2020 रोजी देशातल्या पहिल्या काही श्रमिक विशेष गाड्यांपैकी एक नाशिकरोडहून भोपाळला सुटली. मालकीणबाईंनी त्या दिवसांत खिचडीचे डबे खोल्यांवर पोहोचवले, आणि त्यांच्या वहीतली त्या काळातली काही पाने अजून येणेच दाखवतात. शहरात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाची त्या शहरात कोठेही नोंद नसेल, तर संकटात त्याला कोणीच शोधू शकत नाही. 2021 ची जनगणना लांबणीवर पडल्याने रेशनचा कोटासुद्धा 2011 च्या लोकसंख्येवर मोजला जात राहिला. त्यानंतर आलेल्यांचे पोट त्या हिशेबात आलेच नाही.

आता स्वच्छतेबद्दल, कारण येथे माझी नाराजी सर्वांत जास्त आहे. स्वयंपाकघर आतून नीट आहे: ओटा पुसलेला, पीठ झाकलेले, कर्मचारी बायकांच्या डोक्याला रुमाल. पिण्याचे पाणी जारचे असते आणि ते चांगले आहे. पण भांडी घासण्याची जागा मागच्या बाजूला उघड्यावर आहे; तेलकट पाणी थेट गटारीत जाते, ती गटार नाल्याला आणि नाला नासर्डीला मिळतो, आणि नासर्डी पुढे गोदावरीत. एका खानावळीच्या खरकट्याने नदी बिघडत नाही. परिसरातल्या सगळ्या खानावळी, चाळी, प्लेटिंगची शेडे यांचे पाणी एकत्र झाले म्हणजे बिघडते. चरबी अडवणारी छोटी टाकी बसवणे मालकीणबाईंना शक्य आहे आणि त्यांनी ती बसवावी. त्यापुढची मलवाहिनी टाकणे मात्र नगरव्यवस्थेचे काम आहे, आणि लोकवस्ती आधी व नळ-गटार नंतर, हा क्रम आपल्या शहरांत फार काळ चालला आहे. हात धुण्याच्या जागी साबण कधी असतो, कधी नसतो. याला मात्र कोणतेही मोठे कारण नाही आणि हे लगेच सुधारले पाहिजे.

बसण्याच्या व्यवस्थेतही दोष आहेत. बाके चोवीस माणसांपुरती आहेत आणि पाळी सुटली की बाहेर पन्नास माणसे उभी असतात. उन्हाळ्यात आत फार उकडते. दुसऱ्या पाळीचा कामगार रात्री अकराला सुटतो आणि खानावळ साडेदहाला बंद होते, म्हणून त्याच्या वाट्याला संध्याकाळी भरून ठेवलेला थंड डबा येतो. महिला कामगारांसाठी स्वतंत्र कोपरा नाही. पॅकिंग आणि वायरिंगच्या युनिटांत काम करणाऱ्या मुली परिसरात वाढत आहेत. त्या येथे आत बसत नाहीत, दारातून पार्सल घेतात आणि कंपनीच्या जिन्यावर बसून जेवतात. ज्या खानावळीत स्वयंपाक, वाढप आणि हिशेब सर्व बायकाच करतात, तेथे बायकांना निवांत बसून जेवता येऊ नये, हे मला खटकले. भिंतीलगतची दोन बाके त्यांच्यासाठी राखून ठेवण्याने सुरुवात होऊ शकते. मालकीणबाईंना हे सुचवले तेव्हा त्यांनी दुपारच्या वेळेपुरते करून पाहण्याचे कबूल केले आहे.

खर्चाच्या बाजूने त्यांची ओढाताण दिसते. 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर, पंचवटीच्या बाजार समितीतून आणायची भाजी, रिक्षाभाडे, चार बायकांची मजुरी. कांदा महाग झाला की ताटातला कांदा कमी होतो. जेवणारे समजून घेतात. पूर्वी मखमलाबाद, आडगाव, पाथर्डीच्या मळ्यांतून भाजी थेट शहरात येई. त्या मळ्यांवर आता प्लॉट पडत आहेत आणि भाजी लांबून येते, म्हणून भाड्याचा बोजा शेवटी ताटावर पडतो. औद्योगिक वसाहतीत एखादी सामाईक इमारत उभारून, तीत पाणी, मलवाहिनी आणि पाइपने गॅस देऊन अशा चार-पाच खानावळींना माफक भाड्याने जागा दिली, तर 90 रुपयांचे ताट 75 रुपयांत देता येईल, असे मालकीणबाईंचे गणित आहे. मी तो हिशेब त्यांच्या वहीवरून पाहिला आणि तो मला पटला. उद्योजकांच्या संघटनांनी आणि महापालिकेने त्यावर विचार करावा असे मनापासून वाटते.

जेवणाला माझ्याकडून पाचपैकी चार, दराला पूर्ण पाच, स्वच्छतेला अडीच, बसण्याच्या सोयीला दोन. परिसरात नव्याने कामाला आलेल्यांनी आधी आठ दिवस रोजचे ताट घेऊन पाहावे आणि मग मेंबर व्हावे. मालकीणबाईही तसेच सांगतात आणि आगाऊ पूर्ण महिन्याचे पैसे मागत नाहीत. बाहेरून केवळ चवीसाठी जाणाऱ्यांनी पाळी सुटण्याची वेळ, म्हणजे दुपारी तीन ते चार आणि संध्याकाळी सात ते साडेआठ, टाळावी, कारण त्या वेळी अडवलेली जागा एखाद्या थकलेल्या माणसाची असते. भरीत डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातच मिळते आणि वरण-बट्टीसाठी रविवारी दुपारी बाराच्या आत पोहोचावे लागते. रविवारी रात्री खानावळ बंद असते.